न ओळखलेली खिरापत

आश्विनातलं ऊन सुरतेत आधी कापडावर उतरतं. आमच्या सगरामपुऱ्यातल्या गल्लीच्या टोकाला रंगाईचा एक कारखाना होता, आणि त्याच्या मैदानात बांबूंवर वाळत घातलेल्या ओल्या साड्यांमधून ते ऊन गाळून यायचं, तेव्हा शाळेला निघालेल्या आम्हा मुलींची पांढरी पोलकी क्षणात हळदी, क्षणात जांभळी दिसायची. हवेत खळीचा आंबूस वास, त्यात दारोदारच्या झेंडूचा कडवट गंध, आणि आदल्या रात्रीच्या गरब्याची झोप अजून गल्लीच्या डोळ्यांवर रेंगाळलेली. सत्तर सालानंतरची ती वर्षं. वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून आलो होतो, आणि आश्विन येईपर्यंत मी त्या शहराच्या पुरती प्रेमात पडले होते. आई मात्र नव्हती पडली.

तिला इथलं पाणी मचूळ लागायचं, हवा चिकट वाटायची आणि भाषा कळायची नाही. खालच्या मजल्यावरच्या शांताबेन रोज जिन्यात थांबवून भरभरून बोलायच्या आणि आई नुसती मान हलवून वर यायची. मग दुपारभर खिडकीशी बसून राहायची. दिवाळी झाली की मला घेऊन साताऱ्याला जायचं, मामाकडे राहायचं, शाळाही तिथलीच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. वडील नुसते ‘बघू’ म्हणायचे. मला साताऱ्याबद्दल काही राग नव्हता, पण इथली माझी शाळा सोडायची नव्हती.

कारण अशी शाळा मी आधी पाहिली नव्हती. सुरतेतली मराठी शाळा, कौलारू छपराच्या बुटक्या खोल्या, मधे अंगण, अंगणात एक बकुळ. अर्धी मुलं आमच्यासारखी, बँकेतल्या, पोस्टातल्या, मास्तरांच्या घरची. अर्धी खानदेशातून मागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची. आम्ही ‘आहे’ म्हणायचो, त्या मुली ‘शे’ म्हणायच्या, आणि मधल्या सुट्टीत भांडण जुंपलं की दोन्ही बाजू बेधडक गुजरातीत उतरायच्या, कारण शिव्या तिथे जास्त चांगल्या होत्या. माझी मैत्रीण सुमन अमळनेरकडची. ती उजळणी चालीत म्हणायची आणि माझ्या डब्यातला लाडू न विचारता उचलायची.

आश्विन लागला आणि आमच्या घरचा भोंडला आणि सुमनच्या वस्तीतली गुलाबाई यांचा वाद वर्गात सुरू झाला. आमचा हत्ती, त्यांची मातीची गुलाबाई. कुणाची गाणी खरी, कुणाचा फेर मोठा. मुख्याध्यापिका इनामदारबाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या वर्षी एका फटक्यात निकाल लावला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अंगणात एकच फेर. मधे पाटावर हत्ती काढायचा, त्याच्या शेजारी गुलाबाई बसवायची, आणि दर शनिवारी एकेका मुलीच्या आईनं खिरापत आणायची. दोन्हीकडच्या बायकांनी नाकं मुरडली आणि दोन्हीकडच्या आल्या.

खिरापतीची गंमत खाण्यात जेवढी, त्याहून ओळखण्यात. डबा झाकलेला, मुली फेरात बसून एकेक नाव घेणार, आणि जिची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही तिची मान पुढचं वर्षभर ताठ. आमची पाळी आली तेव्हा आईच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी मी चमक पाहिली. माहेरी म्हणे तिची खिरापत कधी कुणी ओळखली नव्हती. करंजी, वड्या, मोदक, सगळं तिनं बाद केलं आणि एका संध्याकाळी चक्क आपण होऊन शांताबेनच्या दारात गेली. खाणाखुणांनी, अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी ती हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं खमण शिकून आली. मराठी फेरात खमण कोण ओळखणार?

पण शनिवारी सकाळी ते जमलंच नाही. भिजवून वाटलेल्या डाळीत, आंबोळीच्या सवयीनं, तिचा हात पाण्याला सैल सुटला. ताटली वाफेवरून उतरली तेव्हा सुरी फिरवावी असं तिच्यात काही नव्हतं. पिवळाधम्मक, लिबलिबीत गोळा नुसता. आई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. त्या रडण्यात खमण थोडंच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आवाज ऐकून शांताबेन वर आल्या, ताटलीत डोकावल्या आणि हसल्या. “अरे बेन, रडो छो शुं काम? आ तो मस्त थयुं!” म्हणत त्यांनी तो गोळा डब्यात लोटला, वरून कच्चं शेंगतेल ओतलं, तिखट भुरभुरलं, मूठभर शेव पसरली आणि झाकण लावलं. ‘मस्त झालंय’ म्हणून बाई धीर देतेय, असंच आईला वाटलं. पण दुसरं काही करायला वेळ नव्हता, आणि मी तिचा हात सोडायला तयार नव्हते.

फेर रंगला. बकुळीखाली हत्ती आणि गुलाबाई शेजारी शेजारी बसून सगळ्यांची गाणी ऐकत होते; खानदेशी टिपऱ्यांच्या ठेक्यात आमची गाणी धावायला लागली होती आणि मोठ्या बाईसुद्धा पदर खोचून दोन फेऱ्या मारून गेल्या. मग डबा मधे आला. जिच्या घरची खिरापत त्या मुलीनं बोलायचं नाही, उत्तरं आईनं द्यायची, म्हणून मी ओठ गच्च मिटून बसले. गोड की तिखट? तिखट. तळलेलं की उकडलेलं? उकडलेलं. मग जो धडाका सुरू झाला! अळूवडी, कोथिंबीर वडी, मुटकुळी, ढोकळी. “फुनका शेतस!” सुमन ओरडली, हे फुणके म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि इतक्या जवळ आल्याचं पाहून मी नजर बकुळीकडे वळवली. साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत सगळी स्वयंपाकघरं धुंडाळून झाली, पण ज्या गावात आम्ही उभ्या होतो, जिथलं खमण शाळेबाहेरच्या गाडीवर रोज खात होतो, त्या गावाचं नाव कुणाला सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! मोठ्या बाईंनी हार जाहीर केली.

आईनं झाकण काढलं. सगळ्या माना डब्यावर वाकल्या. “खमण आहे,” ती पुटपुटली, “पण जरा...”

“लोचो!” सुमन किंचाळली, आणि सगळा फेर उठून डब्यावर तुटून पडला.

सुरतेत असा मऊ, तेलात न्हालेला खमणाचा गोळा मुद्दाम करतात आणि त्याला लोचो म्हणतात, हे त्या घटकेला आम्हा दोघींखेरीज तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आई मात्र पांढरीफटक पडली होती. पोरी हसताहेत ते आपल्यालाच, असं तिला वाटत होतं. कागदाच्या तुकड्यांवर, तळहातांवर, नुसत्या बोटांनी डबा रिकामा होत गेला. तेवढ्यात सुमनची आई बोटं चाटत तिच्यापाशी आली.

“बाई, इतला मऊ कसा कया वं तुम्ही? माले तं जमतच नही.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग अतिशय गंभीरपणे, एखादं कुळाचं गुपित सांगावं तशी म्हणाली, “पाणी जरा जास्त घालायचं. हात सैल सोडायचा.”

मला हसू फुटलं ते आवरेना. माझं बघून आईलाही आवरेना, आणि सुमनची आई, काही न कळता, आमच्याहून मोठ्यानं हसत सुटली. किती छान दिसते माझी आई हसताना, हे मी विसरूनच गेले होते.

पायऱ्यांवर दोघी बराच वेळ बोलत बसल्या, एक सातारी, एक अहिराणी, मधूनच एखादा शब्द शांताबेनचा. निघताना सुमनची आई म्हणाली, “संक्रातले या बरं आमनाकडे. पोऱ्या पतंग उडावतीन, आपण फुनका करसूत.”

“येते की,” आई म्हणाली. “मला शिकवा मात्र.”

मी शेव टिपता टिपता थांबले. दिवाळी आधी येते, संक्रांत नंतर. एवढं पंचांग चौथीतल्या मुलीलाही येतं. आपण काय बोललो ते आईला ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे. ती पदर सावरत सुमनच्या आईशी बोलत पुढे चालली होती, आणि वाळणाऱ्या साड्यांमधून जाताना तिचं फिकट लुगडं आधी हिरवं झालं, मग गुलाबी.