चामडी गाद्या आणि सरकीचे तेल

कापसाचे ते पडते दिवस होते. दिग्रसच्या बाजारात कापसाच्या गाड्या येत, परंतु त्यांच्याबरोबर चालणाऱ्या माणसांच्या बोलण्यात पूर्वीचा जोर उरला नव्हता, आणि कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रे एकेक करून मुकी होत चालली होती. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझी अर्जनवीसाची बैठक असल्यामुळे गावाची नाडी इतरांच्या आधी माझ्या हाती लागते, हे मी नम्रपणे नमूद करतो. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. तथापि ज्यांचे पुढे गेले, तेही सही करण्यापूर्वी मसुदा माझ्या नजरेखालून घालतात. आयुष्यभर इतरांच्या तक्रारी लिहिल्या. आज स्वतःच्या वतीने काही आभार मानावयाचे आहेत, आणि त्यांचा विषय मोटारीच्या गाद्या हा आहे.

माझी धाकटी बहीण गावातच दिलेली, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, एका जिनिंगच्या मालकांची मोटार चालवीत. जिनिंग बंद पडले. मालक नागपूरला मुलाकडे राहावयास निघाले आणि जाताना ती जुनी, गोल नाकाची पांढरी मोटार त्यांनी मेहुण्यांना देऊन टाकली. “इतके वर्स तू हिले सांभाळलं, आता हे तुले सांभाळीन,” असे ते म्हणाल्याचे मेहुणे सांगतात. पहिले आभार त्या मालकांचे.

मोटारीचे यंत्र निरोगी होते. गाद्यांची अवस्था मात्र पाहवत नव्हती. मालकांनी कधीकाळी हौसेने अस्सल चामड्याच्या तपकिरी गाद्या करवून घेतल्या होत्या. उन्हाने त्यांना भेगा पडल्या होत्या. चढण्या-उतरण्याच्या कडेचा रंग पार झडून आतले पांढुरके कातडे उघडे पडले होते, आणि हात फिरवला की रंगाची पपडी बोटांना लागत असे. मेहुण्यांचा विचार ही गाडी लग्नसराईत भाड्याने चालविण्याचा होता. तो न साधल्यास पुण्याला एका कंपनीच्या बसवर चालकाची जागा होती. त्यांच्या चुलतभावाने तिथे शब्द टाकून ठेवला होता. ही गोष्ट बहिणीने आईपासून लपवली. आईला ती दुसऱ्याच दिवशी कळली.

“पुण्याले गेली तं गेली,” आई मला म्हणाली. “मंग दिवाळीले येईन, पाहुणी होऊन. पाहुणीले कोणी रागावते काय?”

आई आणि बहीण यांचे दिवसातून एकदा तरी कडाक्याचे भांडण होत असे. त्यावाचून आईचा दिवस कसा सरेल, याची कल्पना मलाही करवेना.

पहिले गिऱ्हाईक आले ते फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे वडीलधारे गृहस्थ, पांढरेशुभ्र धोतर नेसणारे. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि नवरदेवासाठी मोटार हवी होती. गाडी त्यांना बाहेरून पसंत पडली. दार उघडून आत डोकावले, तसे ते हसू लागले.

“बाहेरून नवरदेव अन् आतून नवरदेवाचा आजा! पोराचे कपडे पांढरे राहतीन. हे पपडी लागली तं पोरीवाले म्हनन, जवाई कुठं लोळून आला? तुमी गाद्या नीट करा, मी येतो पाहाले. नाही झाल्या तं जीप सांगतो.”

या गृहस्थांच्या शब्दावर आसपासच्या तांड्यांतली लग्ने चालत. त्यांनी होकार दिला तर सराई मेहुण्यांची होती, नकार दिला तर पुणे. इतके सरळ होते.

बहिणीकडे अंगण नव्हते, म्हणून गाद्या सोडवून आमच्या परसात आणाव्या असे मी ठरवले. तेथे आईचा अडसर होता. आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत चामडे कधी आले नाही. माझ्या चपलासुद्धा फाटकाजवळ राहतात. मी आईसमोर उभा राहून रीतसर बाजू मांडली की ऋषिमुनी मृगाजिनावर बसून तप करीत, ते मृगाजिन चामडेच. आणि देवळातल्या ढोलकीचे तोंडही चामड्याचेच.

“ढोलकी देवासाठी वाजोतात,” आई म्हणाली. “तिच्यावर कोणी बूड टेकते काय?”

“आई, हुकुमाचा फेरविचार व्हावा.”

“तुही तहसील तिकडं. इथं मी हावो.”

शेवटी तडजोड झाली. गाद्या मागच्या फाटकाने येतील, विहिरीच्या पलीकडे राहतील, आणि आई त्या बाजूस फिरकणार नाही.

काम आम्ही मोठ्या उमेदीने सुरू केले. मेहुणे आणि बहीण यांनी साबणाच्या पाण्याने मळ काढला, सुकल्यावर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून उरलेली पपडी उतरवली आणि भेगांत लुकण भरले. देखरेख माझ्याकडे होती. रंग देण्याची वेळ आली तेव्हा मला ते कातडे फार कोरडे भासले. आमच्या आजोबांच्या काळी विहिरीवर चामड्याची मोट चाले आणि तिला तेल पाजीत, हे मी लहानपणी ऐकलेले. गावात सरकीच्या तेलाला तोटा नव्हता.

“दादा, रंगाच्या आंधी तेल?” मेहुण्यांनी अदबीने विचारले.

“जवाईबापू, तहानलेल्या कातड्यावर रंग ठरत नसतो,” मी म्हणालो, आणि माझ्यासमोर त्यांनी गाद्यांना पोटभर तेल पाजले.

दुसऱ्या दिवशी चपला-बुटांना देतात तो स्पिरिटचा तपकिरी रंग कापसाच्या बोळ्याने लावला. ओला असताना तो असा काही शोभला की मी शेजाऱ्यांना बोलावून आणले. संध्याकाळी तो ओलाच होता. पुढच्या दुपारी बोट लावले तर चिकटले, आणि बोळ्याचे तंतू जागोजाग रुतून उभे राहिले होते.

बहीण कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. “दादा, गादीले दाढी फुटली. आता हिच्यावर नवरदेव बसवता का न्हावी बलावता?”

मेहुणे हसले नाहीत. ते बाजारात जाऊन चपला शिवणाऱ्या कारागिराला विचारून आले. तेल कातड्याच्या छिद्रांत बसले होते. ते आत असेपर्यंत रंग धरणार नव्हता. आधी स्पिरिटने सगळा रंग पुसायचा, मग उन्हात कोरडे पीठ पसरून रगडायचे, झटकायचे, पुन्हा पसरायचे, पीठ तेल ओढायचे थांबेपर्यंत. तेलामागचे तत्त्व मला आजही मान्य आहे; ते रंगानंतर द्यावयाचे होते, एवढाच क्रमाचा फरक. पण मेहुणे मला एक शब्दही बोलले नाहीत. या मौनासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. धोतरवाले गृहस्थ दोन दिवसांनी येणार होते.

आम्ही तिघे पुसू लागलो. गाद्या मोठ्या, पुढची आणि मागची, पाठींसकट. स्पिरिटने बहिणीच्या तळव्यांची आग होऊ लागली तशी ती हात फुंकत बसली. मेहुणे मान वर न करता म्हणाले, “राहू दे. पुण्यात चांगल्या नव्या गाड्या राह्यतात. गाद्या कोनाले रंगवा नाही लागत.”

हे बोलणे ऐकत मागच्या दारात आई उभी होती, हे आम्हांपैकी कोणी पाहिले नव्हते. ती आत गेली. बाहेर आली ती ज्वारीच्या पिठाचा डबा काखेत घेऊन. विहीर ओलांडली, पदर खोचला, गादीपाशी बसली, आणि मूठभर पीठ टाकून तळव्याने रगडू लागली.

मी म्हणालो, “आई, ते चामडं आहे.”

“मले दिसते.”

“पण तू तर—”

“तू बोलू नोको. पीठ सपलं तं आणखी आन.”

बहिणीने तिचा हात धरला. “आई, तू काहून हात लावून राह्यली? मंग आंघोळी करत बसशीन दिवसभर.”

“करीन. तू सरक तिकडं. हे काय रगडनं झालं? पुरणपोळी लाटून राह्यली का तू?”

“मले शिकवू नोको. सकाळपासून मीच करून राह्यली.”

“म्हनूनच असं झालं!”

“ते दादाच्या तेलानं झालं, मायामुळं नाही!”

दोघी एकमेकींवर तोंड टाकत होत्या आणि चार हात एकाच गादीवर चालत होते. ज्वारीचे पीठ पिवळसर होऊन गोळे होत झटकले जाई, पुन्हा पांढरे पडे. मेहुणे हातातली चिंधी तशीच धरून आपल्या सासूकडे पाहत राहिले. मग मान खाली घालून पूर्वीपेक्षा जोरात पुसू लागले. उन्हे कलली तेव्हा पीठ कोरडेच्या कोरडे गादीवरून उडू लागले. आई उठली आणि मला म्हणाली, “पानी काढ.” मी विहिरीचे पाणी काढून देत राहिलो आणि ती लुगड्यासकट डोक्यावर घेत राहिली. तिने मंत्र म्हटला नाही की मला शब्द लावला नाही. हजारो अर्जांत ‘आपला कृपाभिलाषी’ हे शब्द मी लिहिले असतील. त्यांचा खरा अर्थ त्या बादल्या ओढताना माझ्या ध्यानी आला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी रंगाचे पातळ हात दिले, प्रत्येक हात सुकू दिला, वर चकाकीचा लेप चढवला आणि गाद्या पुन्हा मोटारीत बसवल्या. माझे मत कोणी विचारले नाही आणि मीही दिले नाही.

ठरल्या दिवशी भर दुपारी, मोटार आमच्या फाटकाशी उन्हात उभी असताना, तांड्यावरचे गृहस्थ आले. धोतर तेच, टिनोपॉलच्या झाकेचे. त्यांनी गादीला हात लावला नाही. सरळ दार उघडून ते आत बसले, सरकत या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले आणि म्हणाले, “चहा इथंच आना.” मोटार तव्यासारखी तापलेली. घाम पुसत त्यांनी बशीतून सावकाश चहा प्याला. बहिणीने कप आणून दिल्यापासून दाराची कडी सोडली नव्हती. मेहुणे गाडीच्या चाकाकडे पाहत उभे होते.

ते उतरले आणि पाठमोरे झाले. “याडी,” त्यांनी फाटकात उभ्या असलेल्या आईला हाक मारली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. “या लोकायवर माहा भरोसा नाही. तूच पाह्य.”

आईने चष्मा लावला. परक्या पुरुषाचे धोतर तिने एवढ्या बारकाईने पाहिल्याचे मला आठवत नाही. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, दोन बोटांनी एक घडी उलगडून पाहिली.

“दुधावानी हाय,” ती म्हणाली.

“मंग गाडी पक्की. दुपारच्या आत मांडवात पाह्यजे. माह्या भाच्याचंही लग्न हाय, त्याले सांगतो.”

ते गेल्यावर मेहुण्यांनी मला सोबत घेतले. बसस्थानकाच्या टेलिफोनच्या टपरीत शिरून त्यांनी पुण्याला चुलतभावास फोन लावला. दार नीट लागत नव्हते, त्यामुळे मला सारे ऐकू येत होते.

“नाही येत रे मी... नाही, रागावलो नाही. काम लागलं... हो, इथंच, दिग्रसले.” पलीकडून बराच वेळ काही बोलणे झाले असावे. मेहुण्यांनी रिसीव्हर या कानावरचा त्या कानावर घेतला. “ते खरं हाय बाप्पा, तिथं पगार हाय. पन इथं माही सासू चामडं रगडते. तुह्या पुण्यात कोन रगडन?”

असे म्हणून ते मोठ्याने हसले. जिनिंग बंद पडल्यापासून मी त्यांचे हसणे ऐकले नव्हते.