पुराच्या बोटीचा मिस्त्री

माणदेशात जन्मलेल्या माणसानं बोटीची इंजिनं दुरुस्त करावीत, ही गंमतच. गावाकडं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हा धुळामिस्त्री मुंबईच्या बंदरावर बावीस वर्षं मच्छीमारांची इंजिनं खोलत बसलेला. आता दहिवडीला परतून मेंढरं राखत होता. पण कृष्णाकाठच्या कुठल्या गावात पुराची बोट रुसली, की फोन त्यालाच यायचा. हाताला गुण होता, जीभ मात्र भलतीच तिखट. इंजिनाची हेळसांड दिसली, की चारचौघांत तो त्या माणसाची सालटी काढायचा.

त्या मे महिन्यात बोलावणं आलं ते आकारामतात्यांच्या गावातून. तात्या फौजेतले निवृत्त हवालदार. ग्रामपंचायतीची बोट तेच सांभाळायचे आणि पुरात चालवायचेही. मळ्यात अडकलेली चाळीस माणसं त्यांनीच बाहेर काढली होती. पण आता दोरी ओढली की इंजिन उलटा झटका द्यायचं, सुरू म्हणून होईना. सरपंच क्रांतीताईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "तात्यांच्या हातनं बिघडलं असंल, तर बोट दुसऱ्याकडं देऊ." तेव्हापासून तात्यांना घास गोड लागत नव्हता.

धुळानं फ्लायव्हीलचा, म्हणजे वरच्या जड चाकाचा, नट सोडला. चाक ओढून काढायचा पुलर लावायच्या आधीच ते हातात आलं. घट्ट धरून बसायचं ते इतक्या सहज निघालं, तेव्हाच त्याला शंका आली. खालच्या निमुळत्या दांड्यावर त्यानं बोट फिरवलं. तेल! चाकाला जागेवर ठेवणारी नखाएवढी लोखंडी पाचर, म्हणजे 'की', मधोमध कापली गेली होती आणि तिचा अर्धा तुकडा दांड्याच्या खाचेत रुतला होता. खाचेला ओरखडा गेला तर दांडाच बाद. धुळानं बारीक छिन्नी तुकड्याच्या एका टोकावर टेकवली आणि हलकेच ठोकत राहिला. दहाव्या-बाराव्या ठोक्याला दुसरं टोक वर आलं, ते त्यानं पकडीत धरून ओढून काढलं.

"दांड्याला त्याल कुनी लावलं?"

"म्या," तात्या म्हणाले. "खंडेनवमीला समदं खोलून पुसलं, गंज चढू ने म्हनून."

"आवं तात्या, हितं कोरडंच लागतंय. त्यालानं चाक सरकलं, अन् की तुटली. मग ठिणगी भलत्याच येळंला पडती, म्हनून उलटा झटका बसतोय."

तात्यांचा चेहरा पडला. मागं उभ्या असलेल्या क्रांतीताई म्हणाल्या, "म्हंजी चूक तात्यांचीच."

आता मिस्त्रीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण धुळा इंजिनाकडं बघत राहिला. सात वर्षांचं जुनं इंजिन, कुठं गंजाचा ठिपका नाही. लाथा खाल्लेली इंजिनं त्यानं शेकड्यांनी पाहिली होती. एवढी माया मिळालेलं हे पहिलंच. त्याला भरून आलं.

"ताई, इंजिनावर जीव असल्याबिगर ही चूक हुत न्हाई. मीबी केलीया, नवा हुतो तवा. एकदा केली की मानूस जल्मात इसरत न्हाई. बोट नव्याच्या हाती दिली, तर त्यो पयल्यापास्नं चुकनार."

क्रांतीताईंनी वाकून इंजिनावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तात्या, औंदाच्या पुरातबी बोट तुमीच चालवायची."

तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. धुळा खाली मान घालून दांडा पेट्रोलनं पुसत होता. बंदरावरच्या बावीस वर्षांत त्यानं असली चूक एकदाही केली नव्हती.