घोट्याभर पाण्यात कयाक

नव्या प्लास्टिकचा वास आला की २००४च्या मार्चमधला तो रविवार आठवतो. दुपारी सोयरे जेवायला येणार होते आणि मी ताज्या मासळीचा शब्द दिला होता. मुंबईच्या मेव्हण्याने आणलेली नवी प्लास्टिकची कयाक, म्हणजे एकट्यापुरती अरुंद होडी, आम्ही पोलादपूरजवळ सावित्रीत उतरवली. पाणी किती, हे मी आधी विचारलेच नव्हते. ते घोट्याएवढे निघाले. चारशे पावलांत ती अकरा वेळा दगडांवर अडकली. खरखर ऐकून मासे केव्हाच पळाले.

जाळे फेकणारा म्हातारा धर्मा हसला. "काय रे, तुमी होडीत बसायचं की होडीनं तुमच्या खांद्यावर?"

"तुझ्या टोपलीतले मासे दे. पैसे सांग," मी चिडून म्हणालो.

"पैसं नको, ही होडी ठेवा. खाली डोहात दोन पुरुष खोल पाणी हाय, तिथं हिचं काम."

दीड किलो माशांपायी मेव्हण्याची कयाक पावसाळ्यापर्यंत धर्माला द्यावी लागली.