मातीचे पेले आणि बोरं

माझा मुलगा तीन वर्षांचा व्हायला आला तरी एक शब्द बोलत नव्हता. आज हे मी सहज लिहिते आहे, पण तेव्हा हळदीकुंकवाला कुणी "अजून बोलत नाही का हो?" असं विचारलं की त्या बाईच्या हातातली डिश काढून घ्यावी असं मला वाटायचं. विचारणाऱ्या सगळ्या आपल्याच, बदलीवर कलकत्त्याला आलेल्या साहेबांच्या बायका. एक म्हणायची, वेखंड उगाळून चाटवा. दुसरी म्हणायची, पोपटानं चोच मारलेला पेरू द्या. तिसरी काहीच म्हणायची नाही, नुसती आपल्या पोराला जवळ ओढायची. तिचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

डॉक्टरांनी कान तपासले. ऐकू उत्तम येत होतं. "घरात तुम्ही दोघंच, मुलाला चार पोरांत सोडा," एवढंच ते म्हणाले. पन्नासच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. बालीगंजमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आजूबाजूला सगळं बंगाली. मी लग्नाआधी पुण्यात बालवर्गावर शिकवायचं वर्षभराचं शिक्षण घेतलं होतं आणि ते संसारात कुजत पडलं होतं. म्हटलं, मुलाला पोरांत कशाला सोडायचं, पोरांनाच घरी आणू.

खाली घरमालकीण राहायची. साठीच्या आसपासची, बोलायला कमी, पान खाणारी. सगळी गल्ली तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. तिची चार वर्षांची नात पहिली आली. मग शेजारची आणखी पाच जणं. रोज सकाळी नऊ ते अकरा माझ्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सात पोरं बसू लागली.

विकतची खेळणी आणायची नाहीत असं मी ठरवलं होतं. काडेपेट्या एकमेकींत अडकवून गाडी केली, तिला दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं लावली. पितळी परातीत रवा पसरून त्यात बोटानं रेघा ओढायच्या. हळद, कुंकू आणि कपड्यांची नीळ, हे तीन रंग. चिंचोके एका वाटीत, हरभरे दुसऱ्या वाटीत, मिसळायचे आणि पुन्हा निवडायचे. फुलवाल्याकडून भेंडाचे पांढरे हलके तुकडे आणायचे आणि तागाच्या सुतळीत ओवायचे. सुतळीचं टोक मी मेणात बुडवून कडक करून ठेवत असे, म्हणजे सुई लागत नाही. आणि मातीचे पेले. कोपऱ्यावरचा चहावाला चहा ज्यात देतो ते. कडा उडालेले, न वापरलेले पेले तो मला बाजूला काढून देई. एकावर एक रचायचे, मनोरा करायचा आणि पाडायचा.

माझ्या ह्या उद्योगाची बातमी मराठी बायकांत पोचायला वेळ लागला नाही. एकीनं येऊन सगळं पाहिलं, पदरानं नाक झाकलं आणि म्हणाली, "अहो, लोकांचे उष्टे पेले पोरांच्या हातात देता? साहेबांच्या घरात हा कचरा बरा दिसतो का?" मी सांगितलं की ते उष्टे नाहीत. तिनं ऐकलं नाही. ती गेल्यावर मी चहाचं आधण तसंच ओतून टाकलं. दिवसभर मी धुमसत होते.

पण पेल्यांनी काम केलं. माशीमाची नात मनोरा रचायची आणि माझा मुलगा तिला एकेक पेला द्यायचा. दर पेल्याला ती हात पुढे करून म्हणायची, "आरो." म्हणजे आणखी. दिवसातून पन्नास वेळा. दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी माझ्या लक्षात आलं की ती आरो म्हणाली की ह्याचे ओठही हलतात. आवाज नाही, पण ओठांचा चंबू होतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि पेले मोजून ठेवले, एकही फुटू नये म्हणून.

एक अडचण होती. त्याचे केस डोळ्यांवर येत. जावळ काढायचं राहिलं होतं. आमच्याकडे ते कुलदैवतापुढेच काढतात, आणि ह्यांना रजा मिळत नव्हती. पेला नीट बसवायला वाकला की केस पुढे येत आणि मनोरा कोसळे. एकदा माशीमा वर आली, तिनं हे पाहिलं आणि सरळ कात्री घेऊन त्याच्या कपाळावरची बट धरली. मी ओरडलेच. कात्री तिच्या हातातून ओढून घेतली आणि मोडक्यातोडक्या बंगालीत तिला सुनावलं की हे जावळ आहे, देवाला जाईपर्यंत ह्याला कात्री लावायची नाही, लावली तर अपशकुन. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीच्या काठाची एक पट्टी शिवून घेऊन आली आणि त्याचे केस मागे बांधून गेली. मग रोज सकाळी तो जिन्यात जाऊन उभा राही आणि ती वर येऊन पट्टी बांधी.

संक्रांत आली. मुलाचं बोरन्हाण करायचं होतं. आईनं पुण्याहून हलवा पाठवला होता आणि पत्रात लिहिलं होतं, "रथसप्तमीपर्यंत कधीही कर, घाई नको." मला घाई होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी सगळ्या मराठी बायकांना बोलावलं. त्या कचरा म्हणणारीला तर पहिलं आमंत्रण. माझी पोरं स्वतःच्या हातांनी हलव्याचे आणि चुरमुऱ्यांचे दागिने करतील आणि ह्या बायका बघत राहतील, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. चुरमुरे मऊ, मेणाच्या सुतळीत ते ओवता येतात. हलवा ओवता येत नाही, तो खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवायचा. चार दिवस पोरं तेच करत होती. दागिने वाकडेतिकडे झाले, अर्धे चुरमुरे पोटात गेले, पण एकाही दागिन्याला मी हात लावला नाही.

बोरं आणायला मोलकरणीला सांगितलं तर ती दारातच थांबली. "बौदी, आत्ता कूल? सरस्वतीपूजा व्हायची आहे अजून." पूजेआधी कूल म्हणजे बोर खायचं नाही, विद्येची देवी रागावते, पोरं नापास होतात, असं इथे मानतात. मला ठाऊक होतं. आडून ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "आमच्यात असलं काही नसतं." ती म्हणाली, "पण पोरं तर आमची येणार." मी तिला जा म्हणून सांगितलं आणि मंडईत जाऊन बोरं मीच घेऊन आले.

रविवारी मुलाला काळं झबलं घातलं, त्याच्या मित्रांनी केलेले दागिने घातले आणि पाटावर बसवलं. बायका कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, खरंच पोरांनी केले?" माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नका. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, बत्तासे ओतले. पोरं तुटून पडली. पाहता पाहता सगळ्यांचे गाल फुगले. माशीमाची नात बोर चावत होती आणि दुसरं मुलाच्या तोंडाशी धरत होती, तेवढ्यात माशीमा पट्टी घेऊन दारात आली.

ती ओरडली नाही. नातीजवळ बसली, तिच्या तोंडात बोट घालून अर्धं बोर बाहेर काढलं आणि पदरात पुसलं. मग माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "हिची ह्या वर्षी हातेखडी आहे. पूजेच्या दिवशी पहिलं अक्षर काढायचं आहे हिला. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मोलकरीण कोपऱ्यात भांडी घेऊन उभी होती. ती बोलली नाही. मीच बोलले. साऱ्या मराठी बायकांच्या देखत, बंगाली, हिंदी, जे तोंडाला येईल त्यात. म्हटलं, चार वर्षांच्या पोरीवर एका बोरासाठी रागावणारी कसली देवी? म्हटलं, अक्षर बोटांनी येतं, रव्यात रेघा ओढून येतं, उपासानं येत नाही. म्हटलं, मी हे शिकले आहे. माशीमानं सगळं ऐकून घेतलं, नातीला कडेवर उचललं आणि खाली गेली. पट्टी उंबऱ्यावर राहिली.

सोमवारी नऊ वाजता सतरंजी पसरली. कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. मुलगा जिन्यात जाऊन उभा राहायचा, मग पायरीवर बसायचा. मी पट्टी बांधायला गेले की डोकं हलवून काढून टाकायचा. पेले एकट्यानं रचायला लागला, केस डोळ्यांवर आले की मनोरा पडायचा. आरो मी म्हणून पाहिलं. पन्नास वेळा म्हटलं. त्याचे ओठ मिटलेलेच राहिले.

मी माशीमावर जळत होते. गल्लीवर जळत होते. पोरांचं नुकसान करताय तुम्ही, माझ्या मुलाचं तोंड बंद करताय, एका फळापायी! भांडी आपटत मी हे सगळं ह्यांना ऐकवत असे. एक दिवस ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"अगं, खाली जाऊन चुकलं म्हण. चौदा पायऱ्या आहेत."

"कशाबद्दल म्हणू? अंधश्रद्धेबद्दल?"

"जावळाच्या वेळी तू तिच्या हातातून कात्री ओढून घेतलीस ना? तुला काही विचारलं होतं तिनं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते वेगळं, असं मी म्हणाले. कसं वेगळं, ते मला सांगता आलं नाही, म्हणून आणखी चिडले. त्याच दुपारी आईचं पत्र पुन्हा हाताशी आलं. रथसप्तमीपर्यंत कधीही कर. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सरस्वतीपूजा वसंत पंचमीला, रथसप्तमी तिच्यानंतर दोनच दिवसांनी. पूजा झाल्यावर बोरन्हाण केलं असतं तर मराठी तिथीही सांभाळली गेली असती आणि बंगाली देवीही. सगळ्या पोरांनी पोटभर बोरं खाल्ली असती. माझी ती घाई कुणासाठी होती हे मला पक्कं माहीत होतं. पदरानं नाक झाकणाऱ्या एका बाईसाठी.

तरीही मी खाली गेले नाही. ते मी लपवत नाही. उद्या जाईन म्हणायची आणि उद्या उजाडला की मान पुन्हा ताठ व्हायची. असे जवळजवळ तीन आठवडे गेले.

वसंत पंचमीच्या सकाळी खालून शंख ऐकू आला. मुलगा दाराशी जाऊन धक्के मारू लागला. हे उठले, त्याला अंघोळ घातली, पिवळा सदरा चढवला. "मी घेऊन जातो ह्याला. तू येतेस?" मी म्हटलं, "मला बोलावलंय का कुणी?" ते म्हणाले, "मलाही नाही बोलावलं." आणि गेले.

मी खळ आणि काडेपेट्या घेऊन बसले. मोडलेली गाडी चिकटवत होते. कुणासाठी, कोण जाणे. खालून भटजींचा आवाज येत होता, मग पोरांचा गलका. मग एकदम सगळं शांत झालं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. हे जिना चढून धावत आले. ह्यांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"बोलला. अगं, बोलला तो."

हातेखडी झाली होती. पोरीनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं होतं. माशीमानं ह्याला पाहिलं, आपल्या पदराची किनार फाडली आणि त्याचे केस मागे बांधले. मग प्रसादाची बोरं वाटली. पोरीनं आपल्यातलं एक ह्याच्या हातावर ठेवलं. ह्यानं ते खाल्लं, बी बाहेर काढली, हात पुढे केला आणि स्पष्ट म्हणाला, "आरो."

मी खळीच्या हातांनीच धावले. मुलगा माशीमाच्या मांडीवर होता, तोंडात बोर, केस बांधलेले. मी गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "बाळा, म्हण ना. आरो म्हण. आईला म्हणून दाखव." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बोर चावत राहिला. माशीमानं माझ्या हातावर एक बोर ठेवलं. "आता खा, बौमा," ती म्हणाली. बौमा म्हणजे सूनबाई. मी खाल्लं. चुकलं म्हणायचं होतं ते बोरासकट गिळलं गेलं, आणि मग पुष्कळ दिवसांनी, जिन्यात, एकदाचं म्हटलं.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सातही पोरं सतरंजीवर होती. महिन्याभरात मुलगा इतका बोलायला लागला की ह्यांना वर्तमानपत्र वाचू देईना. आज तो पन्नाशी ओलांडून गेला आहे. नातवंडांनी विचारलं, बाबांचा पहिला शब्द कोणता, तर मी सांगते. हात कसा पुढे केला होता, आवाज कसा होता, सगळं करून दाखवते. पोरं हसतात. त्यांना वाटतं आजी तिथे होती.

तो शब्द भटजींनी ऐकला, माशीमानं ऐकला, पूजेला खाली गेलेल्या आमच्या मोलकरणीनंही ऐकला. मी चौदा पायऱ्या वर रागावून बसले होते.