शकीला मॅडमची रंगीत फडकी

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे सलीमभाईंचं शिलाईचं दुकान आहे. तिथं उरलेली फडकी पिशवीत भरून त्यांची मुलगी शकीला कॉलेजात जाते आणि अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. 'शिंप्याची पोर, फडकीच नाचवणार,' असं सुरुवातीला स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं. मॅडमनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मोठी पिशवी आणली.

या फडक्यांचं मूळ त्यांच्या स्वतःच्या शिकण्यात आहे. एकाच रेणूवर दोन-तीन वेगळे गट बसले की त्याला नाव कसं द्यायचं, हे त्यांनी घोकघोक घोकलं आणि पेपरात सगळं गळून गेलं. मग दुकानात बसून दोऱ्यात फडकी ओवली. आम्ल लाल, कीटोन निळं, अल्कोहोल पिवळं. मानही त्याच क्रमानं. मग कधी विसरल्या नाहीत.

मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. परवा मागच्या बाकावर जाऊन बसले, तर तास सुरू व्हायच्या आत दारात तोरणमाळचे इंद्रसिंगभाऊ उभे. सोबत मुलगी निशा, चाचणीत नापास झालेली.

"मॅडम, हिला जमत नाही म्हणते. आर्ट्सला टाकून द्या. मग मी बस धरतो."

"टाकू की. बसा भाऊ. जाता जाता एका रेणूचं नाव तेवढं ठेवू दे तिला."

भाऊ माझ्या शेजारी बसले. मॅडमनी पाच जणांना हात धरून ओळीत उभं केलं. हे पाच कार्बन. टोकाच्या नवनीतच्या खांद्यावर लाल फडकं टाकलं, त्याच्याकडून तिसऱ्याला निळं, चौथ्याला पिवळं.

"मॅडम, मन्हा हात दुखी ऱ्हायना," धरलेला हात अवघडून नवनीत कुरकुरला.

"आम्ल आहेस तू. ताठ राहा जरा. आता सांगा, मी इथं कोण?"

"मॅडम."

"आणि अब्बांसमोर?"

"शक्को," सगळा वर्ग हसत म्हणाला. सलीमभाई एकदा किल्ली मागायला आले होते, तेव्हापासूनचं हे.

"तसंच. मोठा समोर असला की धाकट्याला त्याचं दुसरं नाव. अल्कोहोलचं होतं हायड्रॉक्सी, कीटोनचं ऑक्सो. अजहर, लाव नाव."

अजहर उठला. "अॅसिड मोठं, म्हणून आधी अॅसिडचं नाव. लग्नाच्या पत्रिकेत दादाजींचं नाव सगळ्यात वर असतं ना."

पोरांनी माना डोलावल्या. मॅडम त्याला चूक म्हणाल्या नाहीत. त्या निशाकडे वळल्या.

"निशा, तुमच्या पाड्यावर सगळे बैठकीला बसले की पाड्याचा मुख्य, कारभारी, कधी बोलतो?"

निशानं आधी वडिलांकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "शेवटी. आधी धाकटे बोलतात. त्याचं झालं की उठायचं."

"आणि भाकरी वाढताना?"

"भाकरी त्याच्यापासून."

"मग वाढ."

निशा ओळीसमोर आली. नवनीतपासून खरंच वाढल्यासारखा हात करत तिनं मोजलं. "लाल एकवर. निळं तीनवर. पिवळं चारवर." थांबली. "मॅडम, धाकट्यांत आधी कोण?"

"मोठा समोर असला की धाकट्यांत मान नाही. इंग्रजी अक्षरांची रांग."

"एच आधी, ओ नंतर." तिनं पिवळ्याकडे पाहिलं, निळ्याकडे पाहिलं, शेवटी नवनीतकडे. "चार-हायड्रॉक्सी-तीन-ऑक्सो... कार्बन पाच, म्हणून पेंटॅनॉइक अॅसिड."

"बरोबर."

"म्हणजे आमची पत्रिका खालून वाचायची," अजहर पुटपुटला. निशासुद्धा हसली.

मॅडम फडकी गोळा करायला गेल्या नाहीत. "आता सांग. आर्ट्स की सायन्स?"

"सायन्स," निशा म्हणाली. "अजून चुकेल. पण शिकते."

 मॅडमनी भाऊंची समजूत घातली नाही, शिफारस केली नाही. नुसत्या मागच्या बाकाकडे बघत उभ्या राहिल्या. मग सगळा वर्गच तिकडे बघू लागला.

इंद्रसिंगभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "तिचं बोलून झालं?"

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"मग राहू द्या इथंच."

ते उठले आणि बस धरायला एकटेच निघाले. नवनीतनं तेव्हा कुठं हात सोडला.