नागम्माचा ताणा आणि शेटचा टेम्पो

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर उजेड बेताचाच आहे. भवानी पेठेतली एक लांब, सरळ गल्ली. दोन्ही बाजूंना बसकी घरं, प्रत्येक घरापुढं दगडी ओटा. साल चौऱ्याहत्तर, उन्हाळ्याचे दिवस. गिरणीचा पहाटेचा भोंगा नुकताच वाजून गेलाय. गल्लीतल्या सायकली घरात गेल्यात, बाजा भिंतीला उभ्या केल्यात, कोंबड्या डालग्याखाली झाकल्यात. धूळ बसावी म्हणून टोकापासून टोकापर्यंत पाणी शिंपडलंय. आणि एवढ्या सगळ्या तयारीच्या मधोमध डाळीची पोती भरलेला, निळ्या तोंडाचा एक टेम्पो उभा आहे.

डाव्या बाजूच्या दारातून नागम्मा येते. काळीसावळी, उंच, नाकात दोन्हीकडं चमकी, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला. आमच्या नाटक कंपनीत अशी एण्ट्री घेणारी नटी मी पाहिली नाही. ती टेम्पोकडं बघते आणि जागीच थांबते.

ती का थांबली, हे कळायला गल्लीची रीत माहीत हवी. नागम्माच्या घरात हातमाग होता. माग तिचा नवरा येडू चालवायचा, पण मागावर चढण्याआधी सुताचा ताणा तयार करायचं काम तिचं. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे, हजारोंनी. ते ज्वारीच्या पिठाच्या खळीत भिजवायचे, गल्लीभर ताणून बांधायचे आणि वाळेपर्यंत त्यांच्यावरून कुंचा फिरवत राहायचं. कुंचा थांबला की धागा धाग्याला चिकटला. एवढं लांब अंगण कुणाच्या बापाच्या घरात असणार? म्हणून ताण्याच्या दिवशी सकाळची गल्ली ताण्याची.

ती फुकट मिळायची नाही. आदल्या संध्याकाळी नागम्मा कुंकवाचा करंडा घेऊन घरोघरी जायची. घरच्या बाईला कुंकू लावायची आणि म्हणायची, "उद्या आमचा ताणा हाय, वैनी. वाट मोकळी ठेवा." बस्स. इतकं सांगणं झालं की रस्त्यावर कुणी काडीसुद्धा ठेवत नसे. पूर्वी ताणे रोजचे होते. आता यंत्रमागांच्या खडखडाटात गल्लीत हातमाग उरला होता एकच, यांचा. सूत देणाऱ्या मालकानं येडूला बजावलं होतं, "हा ताणा बिघडला तर पुन्हा सूत मागायला यायचं नाही." तो माग बंद पडला असता, तर दम्यानं वाकलेल्या येडूला दुसरं काम कुणी दिलं नसतं.

टेम्पो होता गुरुबसप्पाचा. अक्कलकोटकडचा डाळीचा व्यापारी, लिंगायत. दोन वर्षांपूर्वी त्यानं समोरचं घर घेतलं, मग टेम्पो घेतला. माणूस तोंडाळ नव्हता. करंडा दारात आला की तो स्वतः किल्ली काढून ड्रायव्हरला सांगायचा, गाडी चौकात लाव. आज गाडी दारातच होती, आणि तो ओट्यावर चहाची बशी हातात घेऊन बसला होता.

"शेट," नागम्मा म्हणाली, "गाडी."

"दिसूलालीय मला."

"ताणा हाय आमचा."

"असंल की. मला कुटं ठाव?"

तेवढ्यात येडू आणि त्याचा पुतण्या राजण्णा मागच्या अंगणातून घंगाळ उचलून आले. आत भिजलेला ताणा, पांढराफेक, जड. अंधारातच तो खळीत घातला होता. वाट मोकळी असणार हे गृहीत होतं. येडूनं टेम्पो बघितला आणि घंगाळ धप्पकन खाली ठेवलं.

"ड्रायव्हरला बोलवा, शेट," तो धापा टाकत म्हणाला.

"ड्रायव्हर टेंभुर्णीला गेला, सासरवाडीला."

"किल्ली?"

गुरुबसप्पानं कमरेला हात लावला. किल्ली तिथं होती, सगळ्यांना दिसली. "किल्ली हाय. गाडी माझी, दार माझं, दारापुढची जागाबी माझी. का काढू?"

ओट्याओट्यांवर माणसं जमू लागली. मी सुटीवर घरी आलो होतो, तोंडात दातवण. आयुष्यभर भरल्या थिएटरांपुढं राजे-महाराजांची भांडणं सोडवलेला माणूस मी. पुढं होऊन घसा साफ केला. नागम्मा मागं न बघताच म्हणाली, "तुमी थांबा, पावडरवाले. हितं प्रॉम्प्टर न्हाई." लोक हसले. त्या सकाळी गल्लीत हसू आलं ते तेवढंच.

ऊन कौलांवरून खाली सरकत होतं. घंगाळातल्या ताण्याचा वरचा थर वाळू लागला. नागम्मा त्यावर ओलं फडकं टाकायची, ते सुकलं की पुन्हा भिजवायची. दर वेळी एक धागा उचलून बघायची, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी आवळायचा.

राजण्णा तरणाबांड, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. तो घरात गेला आणि पहार घेऊन आला. त्याच्यामागं आणखी चौघं. "काकी, सर बाजूला. केबिनची काच फोडतो, ब्रेक सोडतो. दोन मिनिटांचं काम."

गुरुबसप्पानं बशी खाली ठेवली. तो उठला आणि टेम्पोला पाठ लावून उभा राहिला. "मार. आदी हितं मार," तो आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाला. दारात त्याची बायको दाक्षायणी येऊन उभी होती. ती कानडीत काहीतरी ओरडली. राजण्णानं पहार उचलली.

नागम्मा मध्ये शिरली आणि तिनं पहारीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. खळीनं माखलेले हात, पण पकड सुटली नाही.

"काचेला हात लावायचा न्हाई."

"काकी, ताणा चालला!"

"जाऊ दे. शेजाऱ्याची गाडी फोडून माज्या दारात ताणा वाळायचा न्हाई. ठेव खाली." मग ती गुरुबसप्पाकडं वळली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "शेट, दोन वर्सं कदी आडकाठी केली न्हाई तुमी. आजच का?"

"आजच का?" गुरुबसप्पा ओरडला. "काल सगळ्या गल्लीत करंडा फिरला. या घरी, त्या घरी. आमच्या दारावरनं सरळ पुढं गेलीस तू! माझी आई, माझी अव्वा जाऊन आठ दिवस न्हाई झाले, आन् आमी वाळीत? मातीला आलीस, तर घरी जाऊन दारातच डोक्यावरनं पाणी वतून घेतलंस. माझ्या बायकोनं बघितलंय. आमच्या अव्वाचा एवढा इटाळ झाला तुला?"

नागम्मा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"इटाळ?" ती हळूच म्हणाली. "शेट, तुमच्या अव्वांचा कसला इटाळ? मी त्यांना लेकीगत. पर सुतकाच्या घरात कुंकू घेऊन कशी येऊ? आमच्यात मातीवरनं आलं की डोक्यावरनं पाणी घेत्यात, आन् दहा दिस कुणी कुंकू घेऊन जात न्हाई. तुमच्या दुखात हळदीकुंकू मिरवत आले असते, तर तुमीच म्हणला असता, हिला काय लाज हाय का. तुमच्या दारावरनं पुढं जाताना पाय जड झाला माजा. म्हटलं, शेटला कळंल."

"सुतक?"

"व्हय. सुतक."

गुरुबसप्पा बायकोकडं वळला. दाक्षायणी डोक्यावरचा पदर धरून उभी होती. "आमच्यात सुतक नसतंय वो," ती म्हणाली. "गळ्यात लिंग हाय. गेलं ते माणूस शिवाजवळ गेलं. त्याचं सुतक कुणी धरायचं? मी काल दिवा लावून वाट बघत बसले होते. कपाळ पुढं करायला."

दोन वर्षं समोरासमोर राहिलेली घरं. शेटच्या घरात मरण हे पहिलंच आलेलं, त्यामुळं ही गोष्ट कुणी कुणाला विचारायची वेळच आली नव्हती. दोघींनी एकमेकींचा मानच राखला होता, आणि त्या मानापायी पहार उचलली गेली होती.

गुरुबसप्पानं कमरेची किल्ली काढली, केबिन उघडली, ब्रेक सोडला. गाडी चालवता त्याला येत नव्हती. त्यानं एक हात आतल्या स्टिअरिंगवर ठेवला आणि दाराला खांदा टेकवला. सगळ्यांत आधी त्याच्या शेजारी खांदा लावला राजण्णानं. मग आम्ही सगळे. पोत्यांनी भरलेला तो टेम्पो करकरत हलला आणि चौकापर्यंत गेला.

नागम्मा टेम्पोमागं आली नव्हती. तिनं घंगाळावरचं फडकं काढून ताणा उलगडायला घेतला होता. वरच्या थरातले कितीतरी धागे एकमेकांना चिकटले होते, ते ती थुंकी लावून, नखानं, एकेक सोडवत होती. आतला मात्र अजून ओला होता. येडूनं एका टोकाचा खुंट ठोकला. गुरुबसप्पा धापा टाकत परत आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. दाक्षायणी ओट्यावरून उतरून नवऱ्याच्या मागं आली. कपाळ कालपासून कुंकवाविना मोकळंच, पदर डोक्यावर, ओठ हलू लागलेले. काही तरी मोठं बोलणं होणार, रडारड होणार, असं वाटून बायकांनी पदर डोळ्यांपाशी नेऊनही ठेवले.

नागम्मानं मान वर केली. दोघांकडं बघितलं, मग कौलांवरच्या उन्हाकडं.

"शेट, बघत काय उभं ऱ्हायलाय? त्या टोकाची दोरी धरा आन् वडा. आन् दाक्षायणी, तू कुंचा घे. ताणा वाळूलालाय की."