ऑनिंगवरचे हात

"ताई, वरून नका बघू," काशिराम खालून म्हणाला. तोवर मी शिडी चढले होते आणि बघूनही झालं होतं.

कापडावर हातांचे ठसे होते. काळे, बुरशीचे. तळवा, बोटं, सगळं स्वच्छ दिसत होतं. ठसे गाडीच्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेपर्यंत गेले होते, कुणी छपरावर ओणवं होऊन हातांवर चालत गेल्यासारखे. खालून बघणाऱ्याला ते नुसते डाग वाटत.

ऑनिंग म्हणजे मोटारहोमच्या बाजूला लावलेलं गुंडाळीचं छप्पर. दांडा फिरवला की कापड बाहेर येतं, खाली खुर्च्या टाकून माणसं चहा पितात. सिल्वासात मी ही ऑनिंग धुते, शिवते, दुरुस्त करते. त्याआधी खडोलीच्या एका कापड मिलमध्ये टेस्टिंगला होते. या धंद्यात बहुतेक तक्रारींचं मूळ एकच: लोक कापड ओलं गुंडाळतात. गुंडाळीत अंधार, ओल आणि ऊब. बुरशीला दुसरं काय हवं? हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावून पुन्हा ओलंच गुंडाळतं.

ही गाडी दुधनीला, जलाशयाच्या काठावर, एका गुजराती शेठने आपल्या रिसॉर्टवर पाहुण्यांसाठी कायमची उभी केली होती. काशिराम तिथला केअरटेकर. आमच्या धुळ्याकडचा. हे ऑनिंग मी आधी दोनदा धुतलं होतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, वर व्हिनेगरचा हात. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवलं होतं. तरी दर वेळी पुन्हा उघडलं की हात त्याच जागी हजर. शिवाय काही नवीन. शेवटच्या पाहुण्यांतला एक जण शिडी चढून वर बघून आला होता आणि सगळे जेवण अर्धं टाकून निघून गेले होते.

शेठ तापलेला होता. "बेन, हे पंजा आज गेला पाहिजे. नाही तर काशिरामला सामान उचलायला सांगतो. तोच चढून करतो हे."

"तो कशाला करेल?"

"माझी जागा बदनाम करायला. दुसरं काय?"

किचनच्या मागची खोली हेच काशिरामचं घर होतं. ते गेलं तर डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती.

शेठ ऑफिसात गेला. मी शिडीवर बसून विचार केला. हे कापड ॲक्रिलिकचं. ते बुरशीला खाता येत नाही. मग ती नेमकी हातांच्याच आकारात काय खातेय? मिलमध्ये आम्ही कापडावर स्टार्चची खळ राहिली का ते आयोडीनने बघायचो. खळ असेल तर निळं होतं, नसेल तर आयोडीन तपकिरी राहतं. फर्स्ट-एडच्या पेटीत आयोडीन होतं. पाण्यात पातळ करून मी ते दोन ठशांमधल्या कोऱ्या कापडावर फवारलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कोऱ्या कापडातून एक निळा हात वर आला. त्याच्या शेजारी दुसरा. मी फवारत गेले आणि हात येत गेले, ओळीने, एकमेकांना चिकटून, काळ्यांच्या मधे, काळ्यांच्या पलीकडे. उजव्या हाताची करंगळी प्रत्येक ठशात अर्धीच होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण भर दुपारी शिडी कुणी तरी घट्ट धरावी असं फार वाटलं.

"काशिराम, वर ये."

तो आला. दचकला नाही. एका ठशाजवळ बोट नेलं, लावलं मात्र नाही. "हाऊ सुमनना हात शे," तो आमच्या अहिराणीत म्हणाला.

सुमन त्याची बायको. करंगळी खडोलीला प्रेसमशीनमध्ये गेली, तेव्हापासून इथे पाहुण्यांच्या चादरी धुवायची. पावसाळ्यात साप चावून ती गेली. त्याच्या आदल्या दिवशी शेठ म्हणाला होता की छप्पर ढिलं लोंबतंय, जरा कडक दिसलं पाहिजे. तिने तांदळाची पेज उकळून चादरींना द्यायची तशी ऑनिंगला खळ दिली, तळव्यांनी थोपटून थोपटून. पाऊस आला म्हणून घाईने ओलंच गुंडाळलं.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुसी टाकतात ना, ताई." बोट मागे घेत म्हणाला, "उघडं का नवा हात निंघस. मले वाटे, ती येस."

मला रडूही येत होतं आणि रागही. रागावणं सोपं होतं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. वाळलेली खळ साबणाला दाद देत नाही, तिला एन्झाइम लागतं, ते खळ खाऊन टाकतं, ते मी मिलमधून आणते, असं सगळं एका दमात ऐकवलं.

"एक राहू द्या ना, ताई."

"एक ठेवला तर बुरशी पुन्हा धरेल आणि तुझं घर जाईल."

दुसऱ्या दिवशी एन्झाइमचं पाणी कालवल्यावर त्याने माझ्या हातातून ब्रश घेतला. प्रत्येक ठशावर आधी आपला तळवा टेकवायचा, मग घासायचा. मी त्याला घाई केली नाही. शेवटी आयोडीन फवारलं, ते सगळीकडे तपकिरी राहिलं. कापड साफ. शेठ खूश झाला, काशिराम राहिला. त्याच्यावर घेतलेल्या आळाबद्दल शेठने चकार शब्द काढला नाही.

पुढच्या हंगामात सर्व्हिसिंगला गेले. ऑनिंग इतकं नीट राखलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. बुरशीचा ठिपका नाही. तरी सवयीने आयोडीन फवारत कडेपर्यंत गेले. बाहेरच्या कोपऱ्यात एक हात निळा झाला. उजवा. करंगळी अर्धी.

काशिराम खाली शिडी धरून उभा होता.

"कोरडं करूनच गुंडाळतोस ना?"

"रोज, ताई."

त्याने करंगळी दुमडून उमटवला असेल. पण पंजा लहान वाटत होता. त्याला वर बोलावून त्याचा हात शेजारी लावता आला असता. मी आयोडीन तेवढं धुऊन काढलं आणि खाली उतरले.

तर, ऑनिंग वाळवूनच गुंडाळा. त्याला खळ देऊ नका. आणि ज्या टेस्टचा निकाल आपल्याला नको आहे, ती टेस्ट करू नका.